वायरचा ओपन-बॅक हेडफोन निवडताना

टेबलावर तीन हेडफोन होते: एक ३०० ओहमचा डायनॅमिक, एक २५० ओहमचा मखमली गाद्यांचा डायनॅमिक आणि एक ३२ ओहमचा प्लेनर. ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप. डायनॅमिकमध्ये आवाज करणारा पडदा तारेच्या वेटोळ्याने हलतो, प्लेनरमध्ये सपाट पडदा चुंबकांच्या ओळींपाशी हलतो. तिन्ही ओपन-बॅक, तिन्ही वायरचे. पंधरा दिवसांत त्यांतला एक ठेवायचा होता, घरी बसून गाणं ऐकण्यासाठी. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकार आधीच बाजूला ठेवला, कारण त्याच्या पडद्याला शेकडो व्होल्टचा बायस, म्हणजे कायमचा विद्युतदाब, लागतो आणि तो देणारा खास ॲम्प (हेडफोन चालवणारा ॲम्प्लिफायर) सोबतच घ्यावा लागतो.

क्रम असा ठेवला: आधी खोली, मग डोकं, मग ॲम्प आणि सगळ्यात शेवटी कान. आवाज थोडाफार कमी-जास्त वाटला तर इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या स्वरपट्ट्या कमी-जास्त करून, सावरता येतो. वजन, डोक्यावरची पकड आणि बाहेर गळणारा आवाज मात्र त्याने सावरत नाही. म्हणून ज्या गोष्टी पुढे सहज बदलता येणार नाहीत त्यांची चाचणी आधी.

ओपन-बॅक म्हणजे कपाची मागची बाजू बंद नसते, तिथे जाळी असते. पडदा पुढे आवाज ढकलतो तेवढाच मागेही ढकलतो. बंद कपात हा मागचा आवाज कोंडतो, भिंतींवर आपटून परत पडद्याकडे येतो आणि खालच्या मिड्समध्ये (मधल्या पट्टीच्या खालच्या स्वरांत) डब्यात बोलल्यासारखा घुमारा आणतो. जाळीतून तो सरळ निघून जातो. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्याच्या पिवळ्या स्पंजच्या गाद्या आजही जुन्या फोटोंत लगेच ओळखू येतात. या मोकळेपणाची किंमत दोन्ही दिशांनी मोजावी लागते: आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो.

खोलीची चाचणी त्यासाठीच. गाणं न लावता हेडफोन घालून पाच मिनिटं बसायचं, ऐकण्याच्या नेहमीच्या वेळी आणि नेहमीच्या जागी. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वाहनं, शेजारच्या खोलीतला टीव्ही हे सगळं जवळजवळ जसंच्या तसं ऐकू येतं. खोलीत ४५ डेसिबलचा गोंगाट असेल तर गाण्यातल्या त्याहून हळू जागा त्यात बुडतात, आणि मग हात नकळत व्हॉल्यूमकडे जातो. नंतर उलटी चाचणी: नेहमीच्या व्हॉल्यूमवर गाणं लावून हेडफोन डोक्यावर ठेवायचा आणि कुणाला तरी एक मीटरवर बसवायचं. शांत खोलीत त्या माणसाला चाल सहज ओळखता येते, बऱ्याचदा शब्दही कळतात. रात्री शेजारी कुणी झोपत असेल किंवा जवळच मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग चालत असेल, तर ओपन-बॅकचा विचार सोडून चांगला क्लोज्ड-बॅक घ्यावा. यात मधला मार्ग नाही. ‘सेमी-ओपन’ म्हणून जे मिळतात तेही या बाबतीत जवळजवळ तितकेच गळतात.

डोक्याची चाचणी दोन तासांची. दुकानात दहा मिनिटं घालून काहीच कळत नाही. तिघांत सगळ्यात हलका साधारण २६० ग्रॅमचा होता, प्लेनर ३९० ग्रॅमच्या आसपास, कारण पडद्याच्या बाजूला चुंबकांच्या ओळी बसवलेल्या असतात. पहिला अर्धा तास दोन्ही सारखेच वाटले. चाळिसाव्या मिनिटाला प्लेनरने टाळूवर एक बिंदू दाखवायला सुरुवात केली, तासाभराने मान थोडी पुढे झुकलेली लक्षात आली. वजन किती आहे यापेक्षा ते किती रुंद जागेवर टेकतं याला जास्त महत्त्व आहे. वरच्या कमानीखाली स्वतंत्र पट्टा ताणलेला असेल तर ४०० ग्रॅमही चालून जातात. नुसती गादीची कमान असेल तर ३५० ग्रॅमही टोचू लागतात.

हलक्या डायनॅमिकची अडचण वेगळी होती. नवा असताना त्याची पकड घट्ट, कानाच्या पुढे जबड्यावर दाब. हा दोष नाही. स्टीलची कमान असलेले हेडफोन थोडे सैल करता येतात: कपांमध्ये डोक्याहून जेमतेम रुंद होईल एवढा पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर ताणून ठेवायचं आणि सकाळी घालून बघायचं. एकदम फार ताणू नये, कारण पकड सैल झाली की गाद्या नीट टेकत नाहीत आणि बेस जातो. कमान प्लॅस्टिकची असेल तर हा उपाय करूच नये, ती तडकते.

चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा लावूनच चाचणी करावी. काडी गादीखालून जाते तिथे फट पडते आणि तिच्यातून खालचे स्वर निसटतात. प्लेनरमध्ये हे फार ठळक जाणवतं, कारण त्याचा सरळ खोल जाणारा बेस गादी त्वचेला पूर्ण चिकटण्यावर अवलंबून असतो. तपासायची रीत सोपी आहे. ४० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कपांची कड बोटांनी हलकेच डोक्याकडे दाबा. तळवे जाळीवर ठेवू नका, जाळी झाकली की आवाज वेगळ्याच कारणाने बदलतो. दाबल्यावर स्वर एकदम मोठा झाला तर फट आहे. काडी बारीक असलेली फ्रेम किंवा मऊ मखमली गादी एवढ्याने बराच फरक पडतो.

कानाची पाळी किंवा वरचं टोक आतल्या कापडाला लागतं का, हेही या दोन तासांतच कळतं. लागत असेल तर अर्ध्या तासात तिथे गरम होतं आणि मग दुखतं. गादीच्या आतल्या पोकळीची खोली बघावी, बाहेरच्या जाडीवर जाऊ नये.

आता ॲम्प. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तो खोक्यावरच्या दोनच आकड्यांमुळे होतो: इम्पिडन्स (ओहममधला विजेचा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेला किती मोठा आवाज). ‘३०० ओहम म्हणजे चालवायला कठीण, ३२ ओहम म्हणजे सोपा’ असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. सेन्सिटिव्हिटी दोन एककांत छापतात. काही कंपन्या १ व्होल्टला किती डेसिबल ते सांगतात, काही १ मिलिवॅटला किती ते. एकक न बघता आकडे शेजारी ठेवले की निवड हमखास चुकते.

उदाहरण घेऊ. १९९७ पासून बनत असलेल्या सेनहायझर एचडी ६०० ची छापील सेन्सिटिव्हिटी १ व्होल्टला ९७ डेसिबल, इम्पिडन्स ३०० ओहम. टेबलावरच्या प्लेनरची १ मिलिवॅटला ९१ डेसिबल, इम्पिडन्स ३२ ओहम. वरवर पाहता एचडी ६०० जास्त मोठा वाजेल असं वाटतं. पण ३०० ओहमला १ व्होल्ट दिला की सुमारे ३.३ मिलिवॅट खर्च होतात, म्हणजे ५ डेसिबल वजा करून मिलिवॅटला साधारण ९२ उरतात. प्लेनरला १ व्होल्ट दिला की ३१ मिलिवॅट जातात, म्हणजे १५ डेसिबल मिळवून व्होल्टला १०६ होतात. मिलिवॅटच्या हिशोबात दोघे जवळजवळ सारखे आणि व्होल्टच्या हिशोबात ९ डेसिबलचं अंतर! एकाला व्होल्टेज हवं आणि दुसऱ्याला करंट, एवढाच अर्थ.

किती हवं ते असं काढावं. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकलं तरी रेकॉर्डिंगमधले क्षणिक उंचवटे त्याहून २० ते २५ डेसिबल वर जातात, आणि हळू आवाजात मुद्रित केलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी आणखी थोडी जागा लागते. म्हणून उंचवट्यांसाठी ११० डेसिबलचा हिशोब धरला की कुठेच कमी पडत नाही. एचडी ६०० ला ११० साठी साधारण ४.५ व्होल्ट लागतात, करंट मात्र फक्त १५ मिलिॲम्पिअर. प्लेनरला १.६ व्होल्ट पुरतात, पण करंट ५० मिलिॲम्पिअर.

साधा यूएसबी डोंगल (फोनला किंवा लॅपटॉपला लावून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) १ व्होल्टच्या आसपास देतो. त्यावर ३०० ओहमचा हेडफोन वाजतो, स्वच्छ वाजतो, पण उंचवटे ९७ डेसिबलला थांबतात. अलीकडच्या मोठ्या आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी ते पुरेसं आहे, मैफलीच्या हळू मुद्रणाला व्हॉल्यूम शेवटच्या खुणेला जाऊन टेकतं. प्लेनरचा त्रास वेगळा असतो. व्हॉल्यूम पुरेसं मिळतं, पण डोंगल तेवढा करंट देऊ शकत नसेल तर डग्ग्याच्या थापेला किंवा ढोलाच्या ठोक्याला आवाज चपटा होतो, कधी बारीक कडकड येते. पुष्कळांना हा हेडफोनचाच दोष वाटतो. तोच तुकडा बऱ्या ॲम्पवर लावला की कडकड जाते आणि कारण कळतं.

ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, हाही बघावा. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून तो कमी असावा, असा साधा नियम आहे. डायनॅमिक ड्रायव्हरचा (आवाज करणाऱ्या भागाचा) इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो, बेसच्या अनुनादापाशी तो वर उसळतो. एचडी ६०० मध्ये तो ३०० वरून ५०० ओहमच्या पुढे जातो. जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहमच्याही वर असू शकतो. तो १२० ओहम धरला तर एचडी ६०० चा बेस जेमतेम डेसिबलभर वाढतो, थोडा ऊबदार वाटतो. तोच जॅक बेसपाशी ६० ओहमपर्यंत जाणाऱ्या ३२ ओहमच्या डायनॅमिकला लावला, तर बेस ४ डेसिबलने फुगतो आणि सगळं गढूळ होतं. प्लेनरचा इम्पिडन्स सपाट असतो, त्यामुळे त्याचा स्वभाव बदलत नाही, नुसता आवाज पडतो.

फिरत्या नॉबच्या ॲम्पमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी. नॉब अगदी सुरुवातीच्या भागात असताना डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही, कारण आतल्या पोटेन्शिओमीटरच्या दोन पट्ट्या तिथे जुळत नाहीत. ऐकायचं व्हॉल्यूम नेमकं तिथेच येत असेल तर गेन, म्हणजे ॲम्प आवाज किती पट वाढवतो ते, कमी करावा. गेनचं बटण नसेल तर संगणकावरचं व्हॉल्यूम १० डेसिबलने उतरवून नॉब पुढे न्यावा.

एवढं झाल्यावर कान. तिघांची तुलना करताना पहिलं काम म्हणजे आवाजाची पातळी जुळवणं. हे न करता केलेली तुलना मी धरतच नाही, कारण एका डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन मोठा न वाटता ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. जाड पुठ्ठ्याचा चौकोन घ्यावा, मध्ये फोनच्या मायक्रोफोनपुरतं भोक पाडावं, कपाची गादी त्यावर सपाट टेकवावी आणि ५०० ते २००० हर्ट्झपर्यंत मर्यादित केलेला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावून ध्वनिमापक ॲपवर आकडा बघावा. ॲपचा आकडा खरा असण्याची गरज नाही, तिन्ही वेळा तोच आला म्हणजे झालं. पूर्ण पट्ट्याचा नॉइज लावला तर बेस कमी-जास्त असलेल्या हेडफोनमुळे आकडा फसवतो. पुठ्ठ्याचा वरच्या स्वरांवरही परिणाम होतो, म्हणून मधलाच पट्टा. अर्ध्या डेसिबलच्या आत जुळलं की प्रत्येक हेडफोनसाठी नॉबची जागा किंवा व्हॉल्यूमचा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

कोणती मुद्रणं घ्यावीत? ज्यांतला प्रत्येक श्वास पाठ आहे अशी. तानपुऱ्यावर पुरुष गायक, तबला एकल, संवादिनी, एक स्त्री-आवाज आणि दोनच मायक्रोफोनवर मुद्रित केलेली एखादी मैफल एवढं मला पुरलं. यातला तानपुरा बेस तपासायला घेऊ नये, ही चूक सहज होते. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो खरा, पण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) त्याची ताकद वरच्या स्वरांशांत पसरलेली असते आणि मूळ स्वर त्या मानाने दुबळा असतो. खालून पूर्ण रोडावलेल्या हेडफोनवरही कानाला खर्ज ऐकू आल्याचा भास होतो. बेससाठी डग्गा घ्यावा, मनगटाने दाबून काढलेली मींड. स्वर खालून वर चढताना त्याची जाडी एकसारखी राहिली पाहिजे. ३०० ओहमच्या डायनॅमिकवर ती खालच्या टोकाला पातळ होत होती. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली ओपन-बॅक डायनॅमिक बहुधा उतरतात. प्लेनरवर तीच मींड तळापर्यंत भरीव होती.

तानपुऱ्याचा उपयोग वरच्या टोकाला होतो. जवारी नीट लागलेली असली की तारेच्या झंकारात एकामागून एक स्वरांश उमलतात आणि विरतात. चांगल्या हेडफोनवर हे उमलणं सुटं ऐकू येतं. २५० ओहमच्या हेडफोनवर ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा होता, तिथे झंकार एकाच जागी थबकून चमकत राहायचा. पहिल्या संध्याकाळी हीच चमक सगळ्यांत आवडली होती. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ टोचू लागला. दोष रेकॉर्डिंगचा की हेडफोनचा, हे कळायला पाच वेगवेगळ्या आवाजांतला ‘स’ ऐकावा. एखादाच टोचत असेल तर रेकॉर्डिंग, सगळे सारख्याच जागी टोचत असतील तर हेडफोन.

पटापट अदलाबदल करून फरक कळतो, पण आवड कळत नाही. त्यासाठी एकच हेडफोन सलग तीन दिवस वापरावा आणि मग दुसऱ्याकडे जावं. बदलल्याच्या पहिल्या मिनिटात जी उणीव जाणवते ती खरी. नवा हेडफोन शंभर तास वाजत ठेवला की ‘सुटतो’ असं सांगतात. माझ्या मते त्यात मुख्य वाटा गाद्या मऊ होण्याचा आणि कान सरावण्याचा असतो. रात्रभर नॉइज लावून ठेवण्यात वेळ घालवू नये.

साउंडस्टेजबद्दल, म्हणजे आवाज किती पसरलेला वाटतो त्याबद्दल, अपेक्षा नेमकी ठेवावी. ओपन-बॅकमध्ये आवाज डोक्याच्या बाहेर थोडा सरकतो, वाद्यांमध्ये हवा खेळते, पण गायक समोर भिंतीपाशी बसल्यासारखा वाटत नाही. त्यासाठी स्पीकरच लागतात. साठच्या दशकातल्या ज्या स्टिरिओ मुद्रणांत एक वाद्य पूर्ण डावीकडे आणि दुसरं पूर्ण उजवीकडे टाकलेलं असतं, ती हेडफोनवर विचित्र वाटतात. प्लेअरमध्ये क्रॉसफीड (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळणारी सोय) असेल तर तेवढ्यापुरतं चालू करावं.

परत करायची मुदत संपायच्या आत दोषांची तपासणी उरकावी. २० हर्ट्झपासून वर सरकत जाणारा स्वीप हळू आवाजात लावा. एका हेडफोनच्या डाव्या कपात ४५ हर्ट्झच्या जवळ फरफर ऐकू आली, पतंगाचा कागद वाऱ्यात थरथरावा तशी. गाण्यात ती फक्त डग्ग्याच्या घुमाऱ्यात यायची. गादी कडेपासून हळूहळू सोलवटत काढली, खालची फोमची चकती उचलली आणि टॉर्च तिरपा धरला. दोनेक सेंटिमीटरचा एक केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकला होता. चिकटपट्टीची बारीक गुंडाळी करून टोकाने त्याला स्पर्श केला, तो अलगद बाहेर आला आणि फरफर थांबली. व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेचा फवारा इथे अजिबात वापरू नये, पडदा आत ओढला जातो किंवा त्याला पोचा येतो. प्लेनर डोक्यावर चढवताना क्षणभर कुरकुर येते, ती दाबलेल्या हवेने पडदा हलल्याची. ती गाण्यात येत नसेल तर काळजीचं कारण नाही, फक्त हेडफोन सावकाश घालावा.

मोनो आवाज मधोमध येत नसेल तर हेडफोन उलटा घालावा. आवाज कपाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा ॲम्पमध्ये, त्याच कानाकडे राहिला तर कान किंवा गादीची बसणी. केबल दोन्ही कपांतून सुटी होत असेल तर डावी-उजवी पिन अदलाबदल करून हेडफोन की ॲम्प हेही वेगळं काढता येतं.

केबल सुटी होणारी असावी, यावर मी हटून बसेन. घरच्या हेडफोनची केबल साधारण ३ मीटरची असते आणि तिच्यावरून खुर्चीचं चाक जातंच. पक्क्या जोडलेल्या केबलसाठी मग सोल्डरिंग करावं लागतं. ६.३ मिलिमीटरच्या पिनेवरून ३.५ ला उतरवणारा अखंड धातूचा ठोकळा लॅपटॉपला किंवा डोंगलला लावू नये, त्याची तरफ होऊन जॅक आतून निखळतो. मध्ये बोटभर लवचीक वायर असलेला अॅडॉप्टर घ्यावा.

ठेवला तो ३०० ओहमचा. प्लेनरचा बेस सरस होता, पण ऐकणं बहुतेक गायनाचं आणि बैठक दोन-तीन तासांची. पातळ बेसला इक्वलायझरमध्ये १०५ हर्ट्झला ४ डेसिबलचा लो-शेल्फ (खालचे सगळे स्वर उचलणारी मांडणी) दिला, आणि त्याच वेळी प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) ४ डेसिबलने खाली केला, नाहीतर मोठ्या जागा डिजिटल पातळीवरच फाटतात. याहून जास्त दिलं की डायनॅमिकचा पडदा तळाला विकृती आणू लागतो, डग्ग्याच्या मींडेत ती ऐकू येते. हेडफोनवर मोकळा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नॉबपाशी लिहून ठेवली आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास; ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा.

गाद्यांची जाडी पहिल्याच दिवशी पट्टीने मोजून खोक्याच्या झाकणावर लिहावी. दाबून त्या बसत जातात, कान ड्रायव्हरच्या जवळ येतो आणि वरचे स्वर बदलतात, आणि हे इतकं सावकाश होतं की कानाला पत्ता लागत नाही. तिसरा हिस्सा जाडी गेली की नव्या गाद्या घालाव्यात, त्याच मापाच्या आणि त्याच कापडाच्या. मखमलीच्या जागी चामडी घातली तर बेस आणि ट्रेबल दोन्ही हलतात, आणि इक्वलायझरची मांडणी पहिल्यापासून करावी लागते.